बेडक्यातला जंतू, कागदावरचा निकाल

क्षयरोगाच्या जलद जनुकीय चाचणीचा कागद दिसायला साधा असतो. त्यावरच्या दोनच ओळी महत्त्वाच्या. बेडक्यात क्षयाचा जंतू सापडला की नाही, हे पहिली ओळ सांगते. तो रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देईल का, हे दुसरी. नमुना यंत्रात गेल्यापासून दोन तासांत हा कागद तयार होतो. तो हातात आल्यावर काय करायचे यावर मात्र गेली पंधरा वर्षे क्षयतज्ज्ञांत चर्चा चालू आहे, आणि तिच्यातले बहुतेक प्रश्न दिल्ली व भोवतालच्या राजधानी परिसरातल्या दवाखान्यांत रोज उभे राहतात.

दिल्लीच का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांमध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण देशभरात लाखामागे ३१६ निघाले. दिल्लीत ते ५३४ होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. केरळात ११५. इतका क्षय असलेल्या शहरात एकदा क्षय होऊन बरे झालेले लोकही पुष्कळ असणार, आणि निकालाचा अर्थ लावताना खरी अडचण होते ती याच लोकांच्या बाबतीत.

सूक्ष्मदर्शकापासून कार्ट्रिजपर्यंत

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. त्यानंतर सव्वाशे वर्षे निदानाचा मुख्य मार्ग एकच राहिला: बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या शोधायच्या. १९४० साली सुरू झालेले नवी दिल्ली क्षयरोग केंद्र काय किंवा मेहरौलीची आज राष्ट्रीय क्षयरोग व श्वसनविकार संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था काय, पिढ्यान्‌पिढ्यांचे तंत्रज्ञ इथे याच कामावर तयार झाले. १९९३ मध्ये सुधारित क्षयनियंत्रण कार्यक्रमाचे प्रयोग सुरू झाले, तेव्हाही सगळी भिस्त सूक्ष्मदर्शकावर होती.

ही पद्धत स्वस्त आहे आणि तिचा ‘आहे’ हा निकाल सहसा खोटा ठरत नाही. पण एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय तिला काही दिसत नाही. लहान मुले, एचआयव्ही असलेले रुग्ण आणि आजाराच्या सुरुवातीला आलेले लोक तिच्या हातून निसटतात. जंतू औषधाला दाद देतो का, हे तर तिला कळतच नाही. ते कळण्यासाठी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणे. द्रव माध्यमात त्याला सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तेवढ्या काळात रुग्ण घरभर, कारखानाभर जंतू पसरवत राहतो.

ही कोंडी फोडणारे यंत्र २०१० साली आले. सेफिड कंपनीच्या जीनएक्स्पर्टची पहिली मोठी चाचणी पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारतात मिळून १,७३० रुग्णांवर झाली. भारतातले केंद्र मुंबईचे हिंदुजा रुग्णालय होते. सूक्ष्मदर्शकाला दिसणाऱ्या रुग्णांपैकी ९८ टक्के या यंत्राने एकाच नमुन्यात पकडले. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या, पण कल्चरमध्ये जंतू वाढलेल्या रुग्णांपैकी एका नमुन्यात ७२ टक्के आणि तीन नमुन्यांत ९० टक्के सापडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. आपल्याकडे हे यंत्र ‘सीबीनाट’ या नावाने रुळले.

पुढे दोन घडामोडी महत्त्वाच्या ठरल्या. २०१७ मध्ये एक्स्पर्ट अल्ट्रा हे जास्त तीक्ष्ण नजरेचे कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात बसवायची नमुन्याची डबी, आले. आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या, बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रूनॅटला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बॅटरीवर चालणारे हे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत सीबीनाट चालवण्याची वेळ आलेल्या तंत्रज्ञाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आधी निवडक रुग्णांपुरती असलेली जनुकीय चाचणी हीच पहिली चाचणी व्हावी, असे आता राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे.

यंत्र पाहते ते डीएनए

पुढचे सगळे मतभेद एका साध्या वस्तुस्थितीतून निघतात. ही यंत्रे जंतू पाहत नाहीत, जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा शोधतात आणि सापडला की त्याच्या प्रती वाढवत जातात. मूळ एक्स्पर्टचे लक्ष्य आरपीओबी या जनुकातला ८१ अक्षरांचा पट्टा आहे. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बिघाड याच पट्ट्यात असतो, म्हणून एका दगडात दोन पक्षी. पाच शोधक तुकडे त्या पट्ट्याला चिकटून चमकतात. पाचही वेळेवर चमकले तर जंतू आहे आणि औषधाला दाद देणारा आहे. एखादा चमकलाच नाही किंवा फार उशिरा चमकला, तर तिथे बिघाड असल्याचे यंत्र धरून चालते.

किती फेऱ्यांनंतर चमक दिसली त्यावरून जंतूंचे प्रमाण ठरते: हाय, मीडियम, लो, व्हेरी लो. या फेऱ्यांच्या आकड्याला सीटी मूल्य म्हणतात. कोरोनाच्या काळात हा शब्द घरोघरी पोचला, त्यामुळे सीटी स्कॅनशी त्याचा संबंध नाही हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. आकडा जितका लहान, तितके जंतू जास्त.

मूळ कार्ट्रिजला मिलिलिटरमागे साधारण १३० जंतू लागत. अल्ट्राला सुमारे १६ पुरतात. ही मजल गाठण्यासाठी अल्ट्रात आणखी दोन लक्ष्ये घातली, ज्यांच्या अनेक प्रती एकाच जंतूत असतात. लक्ष्य जास्त, म्हणून सापडण्याची शक्यता जास्त.

पण डीएनए जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे यांपैकी एकाही यंत्राला ओळखता येत नाही. उपचार चालू असताना प्रगती पाहायला ही चाचणी वापरू नये, असे सर्व मार्गदर्शक पुस्तिका सांगतात त्या यामुळेच. औषधांनी मारलेल्या जंतूंचा डीएनए बेडक्यात बराच काळ येत राहतो. प्रगती पाहण्यासाठी अजूनही सूक्ष्मदर्शक आणि कल्चर यांच्याकडेच जावे लागते.

‘सापडला’ या निकालाचे वजन

या चाचण्यांच्या अचूकतेचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आढावा कोक्रेन या संस्थेचा आहे. २०२१ च्या आवृत्तीनुसार कल्चरच्या तुलनेत मूळ एक्स्पर्ट शंभरातले सुमारे ८५ क्षयरुग्ण पकडते आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी ९८ जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. अल्ट्राचे हेच आकडे ९१ आणि ९६ आहेत. जास्त रुग्ण पकडायचे तर थोडे जास्त खोटे इशारे सोसायचे, असा हा सौदा आहे.

वरवर हे दोन-चार टक्के किरकोळ वाटतात. ते किरकोळ आहेत की नाहीत, हे चाचणी कोणाची केली यावर ठरते. चेस्ट क्लिनिकमध्ये खोकला, ताप आणि वजन घटल्याची तक्रार घेऊन हजार माणसे आली आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर क्षय आहे, असे धरू. मूळ एक्स्पर्ट ८५ जणांना पकडेल. उरलेल्या नऊशेंपैकी अठरा जणांना चुकून ‘सापडला’ असा निकाल मिळेल. पाचांपैकी चार निकाल खरे. आता तेच यंत्र गाडीत घालून एखाद्या वस्तीत नेले आणि लक्षणे न विचारता, एक्स-रे न काढता हजार प्रौढांचे बेडके तपासले तर? सर्वेक्षणातल्या दिल्लीच्या प्रमाणाने त्यांत पाचच रुग्ण असतील. यंत्र चार पकडेल, आणि चुकीचे इशारे वीसेक. म्हणजे सहातला एकच निकाल खरा. यंत्र तेच, कार्ट्रिज तेच, कागदावरचा शब्दही तोच.

या हिशेबावर दोन प्रामाणिक भूमिका आहेत. पहिली म्हणते, म्हणूनच वस्तीतल्या शोधमोहिमेत निकालावर लगेच औषधे सुरू करू नयेत. दुसरा नमुना, एक्स-रे आणि डॉक्टरची तपासणी यांचे पाठबळ आधी हवे. सहा महिने औषधे घ्यायची म्हणजे यकृतावर ताण येतो, रोजगार बुडतो, आणि सुनेला टीबी झाल्याचे कळल्यावर घरात काय होते ते वेगळे सांगायला नको. दुसरी भूमिका म्हणते, हा हिशेब कागदी आहे. प्रत्यक्षात मोहिमेत आधी लक्षणे आणि एक्स-रे यांची चाळणी लागते, त्यामुळे चाचणीपर्यंत पोचणाऱ्यांत क्षयाचे प्रमाण कितीतरी वाढलेले असते. शिवाय ज्या कल्चरला आपण अंतिम पंच मानतो तेही पक्के नाही. वाहतुकीत नमुना खराब झाला किंवा जंतू थोडे असले तर कल्चर चुकते, आणि मग यंत्राचा खरा निकाल खोटा म्हणून नोंदला जातो.

दुसऱ्या भूमिकेच्या बाजूने राष्ट्रीय सर्वेक्षणातलेच एक निरीक्षण आहे. एक्स-रे न काढता फक्त लक्षणे विचारली असती, तर ४२ टक्क्यांहून अधिक रुग्ण सुटले असते. खोकला नसलेला क्षय ही अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. तेव्हा ‘लक्षण नाही, म्हणजे निकाल खोटा’ ही जुनी पळवाटही उपयोगाची नाही.

ट्रेस

सगळ्यात नाजूक मुद्दा अल्ट्राने आणला. जास्त प्रती असलेली दोन लक्ष्ये चमकली, पण आरपीओबीचे शोधक तुकडे पुरेसे चमकले नाहीत, तर अल्ट्रा ‘डिटेक्टेड, ट्रेस’ असे छापते. रिफॅम्पिसिनच्या ओळीत ‘इंडिटरमिनेट’ येते, कारण जो पट्टा दिसलाच नाही त्यातला बिघाड कसा सांगणार? जंतूंचा मागमूस आहे, त्यापलीकडे काही सांगता येत नाही, असा हा निकाल.

काही रुग्णांच्या बाबतीत एकमत आहे. लहान मूल, एचआयव्ही असलेला रुग्ण, किंवा मेंदूच्या आवरणातला द्रव वा गाठ असा फुप्फुसाबाहेरचा नमुना असेल, तर ट्रेस म्हणजे क्षय समजून उपचार सुरू करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यांच्या शरीरात जंतू मुळातच थोडे असतात आणि वाट पाहणे जिवावर बेतू शकते. एचआयव्ही नसलेल्या आणि पूर्वी क्षय न झालेल्या प्रौढाच्या बाबतीत नवा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करावी, हेही बहुतेकांना मान्य आहे.

वाद आहे तो पूर्वी क्षय झालेल्यांचा. २०१८ मध्ये आठ देशांतल्या रुग्णांवरचा अल्ट्राचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या देशांत भारतही होता. क्षयाचा इतिहास असलेल्यांमध्ये अल्ट्राची ‘नाही’ म्हणण्याची अचूकता ९३ टक्क्यांवर घसरली, जुन्या कार्ट्रिजची ९८ राहिली. पाचेक वर्षांत उपचार घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसात जुन्या जखमा असतात आणि त्यांत मेलेल्या जंतूंचा डीएनए अडकून राहतो, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण.

त्यावरून तीन विचार पुढे आले. एक गट म्हणतो, पूर्वी क्षय झालेल्यांचा ट्रेस सरळ नकारात्मक धरावा, म्हणजे अचूकता बऱ्यापैकी परत येते. दुसरा गट म्हणतो, क्षय उलटण्याचा धोका सर्वांत जास्त याच लोकांना असतो. त्यांची खूण आपण स्वतःहून पुसून टाकली, तर तीक्ष्ण चाचणी घेतलीच कशाला? तिसरा आणि आज मार्गदर्शक पुस्तिकांच्या सर्वांत जवळचा गट निर्णय डॉक्टरवर सोपवतो: कल्चर लावा, एक्स-रे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहा, रुग्णाला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलवा.

तिसरा विचार समंजस आहे, पण त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी रुग्णाजवळ असतात का, हा प्रश्न राजधानी परिसरात वारंवार येतो. बिहारहून किंवा बुंदेलखंडातून बांधकामावर आलेल्या मजुराजवळ पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे कुठून असणार? प्रयोगशाळेच्या मागणीपत्रावर पूर्वीच्या उपचाराचा रकाना असतो. तो कोरा राहिला तर ट्रेसचा अर्थ लावण्याचा मुख्य आधारच जातो, आणि पुढचे सगळे तज्ज्ञपण त्या कोऱ्या चौकटीपाशी अडते. माझ्या मते या वादात यंत्राच्या सुधारणेइतकेच लक्ष या रकान्याकडे जायला हवे होते. तसे गेलेले दिसत नाही.

‘सापडला नाही’

नकारात्मक निकालाची चर्चा त्यामानाने कमी होते, कारण तो दिलासा देतो. पण शंभरातले पंधरा रुग्ण ज्या चाचणीतून सुटतात, तिच्या ‘नाही’वर किती विसंबायचे? सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या रुग्णांत तर मूळ एक्स्पर्ट सुमारे ६० टक्के आणि अल्ट्रा ७७ टक्के पकडते. ट्रूनॅटच्या चार देशांतल्या अभ्यासात साध्या चिपने ७३ आणि सुधारित ‘प्लस’ चिपने ८० टक्के रुग्ण पकडले. त्याच अभ्यासातल्या तुलनेत एक्स्पर्टची कामगिरीही फार वेगळी नव्हती.

लाळेलाच बेडका म्हणून डबीत भरले, तर कोणतेही यंत्र ‘नाही’च म्हणणार. मुलांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट, कारण ती बेडका गिळतात. २०१४ पासून दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद या चार शहरांत क्षयाचा संशय असलेल्या मुलांची पहिली चाचणी सीबीनाटने करण्याचा उपक्रम चालला. त्यात जठरातल्या द्रवासारखे नमुनेही वापरले गेले. निदान लवकर झाले आणि सूक्ष्मदर्शकाच्या मानाने कितीतरी जास्त मुले सापडली. तरीही मुलांमध्ये ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा नाही, हा बालरोगतज्ज्ञांचा आग्रह कायम आहे.

इथेच या क्षेत्रातले एक कोडे येते. चाचणी इतकी चांगली, मग मृत्यू कमी का झाले नाहीत? आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या टीबी-नीट या अभ्यासात एक्स्पर्टमुळे रुग्णांना निश्चित निदान लवकर मिळाले, पण सहा महिन्यांनंतरची त्यांची प्रकृती सूक्ष्मदर्शकवाल्या गटासारखीच होती. दक्षिण आफ्रिकेतल्या एक्सटेंड अभ्यासातही सहा महिन्यांतल्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. एक स्पष्टीकरण असे की सूक्ष्मदर्शक ‘नाही’ म्हणाला तरी डॉक्टर एक्स-रे आणि लक्षणांवरून औषधे सुरू करतच होते, म्हणून नव्या यंत्राला वाचवायला फारसे कोणी उरले नाही. दुसरे असे की निदान आणि औषध यांच्यातली गळती कोणतेही यंत्र बुजवत नाही. तिसरे मत, हे अभ्यास एचआयव्हीचे प्रमाण मोठे असलेल्या देशांतले आहेत आणि भारताला जसेच्या तसे लागू नाहीत. तिन्हींत तथ्य आहे. भारतात लोकांना सहज दिसणारा फायदा निराळाच होता, तो म्हणजे औषधप्रतिरोधाचे निदान काही महिन्यांऐवजी त्याच दिवशी होणे.

दुसरी ओळ: रिफॅम्पिसिन

२०११-१२ मध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले. त्यांनी या प्रकाराला दिलेल्या नावावर केंद्र सरकारने आक्षेप घेतला. नावाचा वाद मागे पडला, पण प्रतिरोध लवकर ओळखण्याची निकड त्यानंतर नाकारता आली नाही, आणि ती ओळख पटवायचे पहिले साधन ही दुसरी ओळ ठरली.

तीही आंधळेपणाने वाचून चालत नाही. २०१४-१६ च्या राष्ट्रीय औषधप्रतिरोध सर्वेक्षणात बहुऔषधप्रतिरोधी (रिफॅम्पिसिन आणि दुसरे मुख्य औषध आयसोनियाझिड या दोन्हींना दाद न देणाऱ्या) क्षयाचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६ टक्के आढळले. हजार नवे रुग्ण घेतले तर खरे प्रतिरोधी अठ्ठावीस. यंत्र त्यांतले सत्तावीसेक पकडेल. उरलेल्यांत चुकीचे प्रमाण दोन टक्के असेल तर एकोणीस खोटे इशारे, एक टक्का असेल तर दहा. म्हणजे नव्या रुग्णात ‘प्रतिरोध आढळला’ असे छापून आले तर चारांत एक, वाईट परिस्थितीत पाचांत दोन निकाल खोटे. फेरउपचाराच्या रुग्णात हीच ओळ बरीच भरवशाची असते. धोका कमी असलेल्या नव्या रुग्णात प्रतिरोध दिसला तर दुसऱ्या नमुन्यावर चाचणी पुन्हा करावी, हा भारतीय आणि जागतिक मार्गदर्शकांचा सल्ला या हिशेबातून आला आहे.

खोट्या इशाऱ्यांची दोन कारणे आता चांगली कळली आहेत. जंतू फार थोडे, म्हणजे ‘व्हेरी लो’ असतील तर एखादा शोधक तुकडा उशिरा चमकतो आणि मूळ एक्स्पर्ट त्याला बिघाड समजते. किंवा डीएनएत बदल खरोखर असतो, पण त्याने प्रथिन बदलत नाही, म्हणून औषध आपले काम करत राहते. डीएनए वितळण्याचे तापमान मोजणाऱ्या अल्ट्राने यांतल्या काही चुका कमी केल्या.

याउलट, काही बदल असे आहेत की यंत्र प्रतिरोध सांगते आणि कल्चरवर जंतू औषधाला दाद देतो. बरीच वर्षे अशा वेळी यंत्र चुकले असे मानले गेले. मग दिसले की असे रुग्ण नेहमीच्या औषधांवर वारंवार अपयशी ठरतात. जंतूंचा प्रतिरोध मधल्या पातळीचा होता, आणि कल्चरची मोजपट्टी त्यांना सुटू देण्याइतकी ढिली होती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रव कल्चरसाठी रिफॅम्पिसिनची कसोटी-मात्रा निम्म्यावर, १ वरून ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरवर आणली. पंचानेच नियम बदलावा, असे वैद्यकात रोज घडत नाही.

यंत्राला न दिसणारा प्रतिरोधही आहे. ज्या बिघाडाची जागा त्या ८१ अक्षरांच्या बाहेर आहे तो एक्स्पर्टला सापडत नाही. आफ्रिकेतल्या स्वाझीलँडमध्ये, आजच्या एस्वातिनीत, प्रतिरोधी जंतूंपैकी जवळपास एकतृतीयांश असे निघाले होते.

पण भारतात रोजचा, आणि कमी बोलला जाणारा, धोका आयसोनियाझिडला असलेल्या प्रतिरोधाचा आहे. राष्ट्रीय औषधप्रतिरोध सर्वेक्षणातच नव्या रुग्णांपैकी ११ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी २५ टक्के रुग्णांत आयसोनियाझिडला प्रतिरोध होता. सीबीनाट आणि ट्रूनॅट त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. तरीही ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ ही ओळ ‘सर्व औषधे चालतील’ अशी वाचली जाते. हे तपासायला लाइन प्रोब चाचणी लागते. ती दिल्लीत नवी दिल्ली क्षयरोग केंद्र आणि मेहरौलीच्या संस्थेसारख्या मोठ्या प्रयोगशाळांत होते, आणि थेट बेडक्यावर करायची तर सहसा त्यात जंतू पुरेसे असावे लागतात. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही एकत्र पाहणारे संच आता येत आहेत. पुण्याच्या मायलॅबचा संच त्यांतलाच.

राजधानी परिसराची गुंतागुंत

निकाल कितीही चोख असला तरी तो योग्य माणसापर्यंत पोचून त्यावर कृती व्हावी लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात प्रशिक्षित माणसे क्षयरुग्णाचे सोंग घेऊन ७५ खासगी वैद्यक-व्यावसायिकांकडे गेली. २५० भेटींपैकी ५२ मध्ये, म्हणजे फक्त २१ टक्के वेळा, योग्य तो मार्ग धरला गेला. गंमत अशी की हातात बेडक्याचा सकारात्मक अहवाल असलेल्या ‘रुग्णा’ला चांगली वागणूक मिळण्याची शक्यता जास्त होती. कागद असला की डॉक्टरचा निर्णय सुधारतो, असा त्याचा एक अर्थ निघतो. कागदाआधीचा विचार होतच नाही, असाही निघतो.

प्रशासकीय गुंता वेगळाच. माणूस राहतो नोएडात, कामाला गुरुग्रामला आणि उपचाराला दिल्लीत. तीन राज्ये, तीन क्षयरोग विभाग. २०१२ पासून चालू असलेल्या निक्षय नोंदप्रणालीने ही भिंत बरीच खाली आणली, कारण जुन्या उपचाराची नोंद रुग्णाच्या क्रमांकावर सापडू शकते. ट्रेसचा अर्थ लावताना नेमकी हीच माहिती हवी असते. मात्र उपचार खासगीत, नोंद न होता झाले असतील तर तिथे काहीच मिळत नाही.

‘इनव्हॅलिड’ आणि ‘एरर’ या निकालांबद्दल थोडक्यात. त्यांचा रुग्णाशी संबंध नसतो. नमुन्यात अडथळा आणणारा पदार्थ, कार्ट्रिजमधला दोष किंवा वीज गेल्याने यंत्र पूर्ण फेरी करू शकले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. ते नकारात्मक समजून रुग्णाला घरी पाठवणे ही साधी चूक आहे. नवा नमुना घ्यायचा.

जे अजून ठरलेले नाही

पूर्वी क्षय झालेल्या माणसाच्या ट्रेसचे काय करायचे, हा प्रश्न उघडाच आहे. वस्तीत सापडलेल्या, लक्षणे नसलेल्या ट्रेसवाल्यांपैकी कोण पुढे आजारी पडेल हे सांगणारे लक्षण वा रक्तचाचणी हाती नाही. सीटी मूल्य अहवालावर छापावे की नाही यावरही एकमत नाही. छापले तर अनुभवी डॉक्टर ‘हाय’ आणि ‘व्हेरी लो’ यांना वेगळे वजन देतील. न छापण्याच्या बाजूचे म्हणतात की बेडका पातळ की घट्ट एवढ्यानेही तो आकडा हलतो, आणि डॉक्टर त्याला आजाराची तीव्रता समजून बसतील.

प्रतिरोधाच्या बाबतीत प्रश्नाची निकड वाढली आहे. २०२४ मध्ये भारताने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा उपचार स्वीकारला. आधीच्या दीड-दोन वर्षांच्या औषधांच्या तुलनेत ही मोठी सुटका आहे. पण लिनेझोलिडने हातापायाच्या नसा आणि रक्तपेशी दुखावतात, त्यामुळे प्रतिरोधाचा निकाल खोटा असेल तर त्याची किंमत आजही आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिनला जंतू दाद देतो का, हे पहिल्या दिवशी सीबीनाट किंवा ट्रूनॅट सांगत नाही. ज्या शहरात साध्या तापा-खोकल्याला याच कुळातली औषधे सर्रास दिली जातात, तिथे ही उणीव लहान नाही. बेडक्यातूनच अनेक जनुके एकदम वाचणाऱ्या लक्ष्यित अनुक्रमण पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे, पण खर्च आणि कुशल मनुष्यबळामुळे ती सध्या मोठ्या प्रयोगशाळांपुरती आहे.

बेडका काढता न येणाऱ्यांसाठी जिभेवरून घेतलेल्या स्वॅबवर काम चालू आहे. त्यात जंतू बेडक्यापेक्षा कमी सापडतात, पण कितीतरी जास्त लोक नमुना देऊ शकतात. चाचणीमागे रुग्ण कमी सापडतील आणि तपासलेल्यांची संख्या वाढेल, तेव्हा एकूण बेरीज कोणत्या बाजूला जाते हे शहरागणिक बदलेल. लाखामागे ५३४ च्या दिल्लीत आणि ११५ च्या केरळात ती एकच असण्याचे कारण नाही.